विश्लेषण : जगाचे बियाणे जमवणाऱ्या शास्त्रज्ञाचा तुरुंगात भूकबळी का गेला?

आई-वडिलांचे गुण मुलांत उतरतात, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण नेमके कोणते गुण उतरतात, कसे उतरतात आणि माणसाला ते हवे तसे, हवे तेव्हा बदलता येतात का, हे प्रश्न तितके सोपे नाहीत. विसाव्या शतकात सोव्हिएत संघात या प्रश्नांची उत्तरे सरकारने ठरवली. ज्यांना ती मान्य नव्हती त्यांच्यापैकी काहींच्या नोकऱ्या गेल्या, काही तुरुंगात गेले, काहींना गोळ्या घालण्यात आल्या. त्यातले सर्वांत मोठे नाव निकोलाय वाविलोव्ह यांचे. दुष्काळात माणसे मरू नयेत म्हणून पाच खंडांतून बियाणे गोळा करणारा हा वनस्पतिशास्त्रज्ञ २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने मरण पावला. त्यांचे विज्ञान काय होते आणि ते सत्तेला का खुपले, याचा हा मागोवा.

वाविलोव्ह कोण होते?

निकोलाय इव्हानोविच वाविलोव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्कोत झाला. वडील मूळचे खेड्यातल्या शेतकरी कुटुंबातले. शहरात येऊन कापडाच्या व्यापारात ते सधन झाले. निकोलाय चार वर्षांचे असताना, १८९१-९२ मध्ये, रशियात मोठा दुष्काळ पडला. मुलाने व्यापार सांभाळावा अशी वडिलांची इच्छा होती, पण निकोलाय यांनी १९०६ मध्ये मॉस्कोच्या कृषी संस्थेत प्रवेश घेतला. धाकटे भाऊ सर्गेई भौतिकशास्त्राकडे वळले. या दोन भावांच्या वाटा पुढे किती विचित्र पद्धतीने एकमेकांना छेदतील, याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती.

कृषी संस्थेतला त्यांचा प्रबंध होता पिकांची नासाडी करणाऱ्या गोगलगायींवर. तिथे दिमित्री प्र्यानिश्निकोव्ह हे त्यांचे शिक्षक होते. हे नाव लक्षात ठेवावे, कारण सगळे गप्प बसले तेव्हा हा म्हातारा माणूस बोलणार होता.

त्या वेळी आनुवंशिकतेविषयी काय माहीत होते?

वाविलोव्ह शिकत होते तेव्हा हे शास्त्र अगदी कोवळे होते. ग्रेगोर मेंडेल या ब्रनो शहरातल्या ख्रिस्ती मठवासीयाने वाटाण्यावर केलेले प्रयोग १८६५ मध्ये मांडले, १८६६ मध्ये छापले आणि ते जवळजवळ कुणीही वाचले नाहीत. १९०० मध्ये तीन युरोपीय शास्त्रज्ञ स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षांपाशी पोहोचले, तेव्हा मेंडेल यांच्या मृत्यूला १६ वर्षे झाली होती.

मेंडेल यांनी काय पाहिले? गोल दाण्याचा वाटाणा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती गेली कुठे? त्या पिढीचे आपसात फलन होऊ दिले की पुढच्या पिढीत ती परत येते. मेंडेल यांनी मोजले : ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळपास तीनास एक. याचा अर्थ असा की, प्रत्येक गुणासाठी रोपात दोन घटक असतात, एक नराकडून आलेला, एक मादीकडून. ते दुधात पाणी मिसळावे तसे मिसळत नाहीत. रंगीत मण्यांसारखे वेगळे राहतात. एक घटक प्रभावी असेल तर दुसरा दिसत नाही, पण नाहीसाही होत नाही. आजीचे घारे डोळे आईला न मिळता नातीला मिळतात, त्यामागे साधारण हाच हिशेब असतो. डोळ्यांच्या रंगात एकापेक्षा जास्त घटकांचा हात असल्याने तो इतका सरळ नसतो, एवढेच.

या घटकाला १९०९ मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी जे नाव दिले, त्याला आपण मराठीत जनुक म्हणतो. योहान्सन यांचा घेवड्यावरचा प्रयोग आपल्या कथेसाठी महत्त्वाचा आहे. त्यांनी एकाच शुद्ध वाणाच्या रोपांतून मोठे दाणे निवडून पेरले आणि लहान दाणेही वेगळे पेरले. दोन्हींच्या संततीत दाण्यांचा सरासरी आकार सारखाच निघाला. चांगली जागा, जास्त पाणी, जास्त ऊन यामुळे दाणा मोठा झाला होता; त्याच्या आतली जनुके तीच होती. दिसणारे रूप वेगळे आणि वारशाने पुढे जाणारी ठेव वेगळी, हा फरक तिथे पक्का झाला.

आपल्याकडे यासाठी प्रयोगाचीही गरज नाही. शेकडो पिढ्या मुलांचे कान टोचले जात आहेत, तरी एकही बाळ टोचलेल्या कानांनी जन्माला येत नाही. आयुष्यात कमावलेले गुण, मग ते पैलवानाचे दंड असोत की कानाचे भोक, जनुकांत लिहिले जात नाहीत. एकोणिसाव्या शतकात बहुतेकांचा समज याच्या उलट होता आणि तो सहजासहजी मरणारा नव्हता.

तांबेऱ्याचा आणि जनुकांचा काय संबंध?

१९१३ मध्ये वाविलोव्ह इंग्लंडला गेले. तिथे विल्यम बेटसन यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. मेंडेल यांचे काम इंग्रजीत आणून त्यासाठी भांडणारे आणि या शास्त्राला त्याचे आजचे इंग्रजी नाव देणारे ते बेटसन. वाविलोव्ह यांना ध्यास होता तो पिकांच्या रोगप्रतिकारशक्तीचा. केंब्रिजमध्ये रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये दाखवले होते की, गव्हाची पिवळ्या तांबेऱ्याला तोंड देण्याची ताकदही मेंडेल यांच्या नियमानेच पुढच्या पिढीत जाते. म्हणजे औषध फवारण्याऐवजी जनुक शोधावे. ज्या गव्हात ते आहे त्याच्याशी आपल्या गव्हाचा संकर करावा आणि संततीतून हवी ती रोपे निवडावीत.

पण ते जनुक सापडणार कुठे? एकाच वाणाच्या शेतात सगळी रोपे सारखी. रोग आला तर सगळीच झोपणार. वेगळेपण हवे असेल तर जुन्या, दुर्लक्षित, डोंगरातल्या वाणांकडे जायला हवे. याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटकातला खपली गहू. अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी जो बारा गव्हांचा संच ठरवला, त्यात खपली याच नावाने हा गहू होता, कारण तांबेऱ्याच्या अनेक प्रकारांना तो दाद देत नसे. त्याच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात, तर चपातीच्या नेहमीच्या गव्हात ४२. गुणसूत्र म्हणजे जनुके ज्यावर ओळीने बसलेली असतात तो धागा. गव्हाचे हे वेगवेगळे गट कसे ओळखायचे आणि कोणत्या गटात प्रतिकारशक्ती जास्त, यावर वाविलोव्ह यांनी सुरुवातीची वर्षे खर्च केली.

सारातोव्हमध्ये काय घडले?

क्रांतीच्या वर्षी, १९१७ मध्ये, वाविलोव्ह व्होल्गाकाठच्या सारातोव्ह शहरात प्राध्यापक झाले. यादवी युद्ध, टंचाई, साथीचे रोग हे सगळे सुरू असताना तिथे त्यांनी १९२० मध्ये कृषिशास्त्रज्ञांच्या परिषदेत एक नियम मांडला. जवळच्या नात्यातल्या वनस्पतींमध्ये बदलांच्या मालिकाही समांतर असतात. गव्हात कुसळाची आणि बिनकुसळाची ओंबी असते, तर ती राय आणि बार्लीतही असणार. गव्हात पांढरा, तांबडा, काळा रंग असेल तर भावंडांतही तो सापडणार. नाते जितके जवळचे, तितके साम्य जास्त. श्रोत्यांनी त्यांची तुलना मूलद्रव्यांची सारणी मांडणाऱ्या मेंडेलेयेव्ह यांच्याशी केली. तुलना थोडी उत्साहाची होती, पण तिच्यात तथ्य होते : रिकामी जागा दिसली की तिथे काय असायला हवे, हे आधीच सांगता येत होते. बिनकुसळाचा कठीण गहू कुठेतरी असणार, असे या नियमावरून निघत होते. सात वर्षांनी तो त्यांना इथिओपियात मिळाला. आज याचे कारण सांगता येते. सजातीय वनस्पतींना एकाच पूर्वजाकडून तीच जनुके मिळालेली असतात, म्हणून त्यांत होणारे बदलही सारखे.

१९२१ मध्ये ते पेट्रोग्राडला, म्हणजे पुढच्या लेनिनग्राडला, उपयोजित वनस्पतिशास्त्राच्या विभागाचे प्रमुख म्हणून गेले. त्याच वर्षी व्होल्गाच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला आणि लाखो लोक मेले. याच विभागाची पुढे अखिल संघीय वनस्पती संस्था झाली.

बियाण्यांसाठी ते कुठे कुठे गेले?

कुठे गेले नाहीत, हे सांगणे सोपे. १९१६ मध्ये इराण आणि पामीर, १९२४ मध्ये अफगाणिस्तान, १९२६-२७ मध्ये भूमध्य समुद्राभोवतीचे देश आणि इथिओपिया, १९२९ मध्ये पश्चिम चीन, जपान, कोरिया, १९३० मध्ये मेक्सिको आणि मध्य अमेरिका, १९३२-३३ मध्ये दक्षिण अमेरिका. एकट्या अफगाणिस्तानात त्यांनी सुमारे पाच हजार किलोमीटरची वाट तुडवली, तीही बरीचशी घोड्यांच्या काफिल्याबरोबर. चार-पाच तासांची झोप, अंगात सूट, डोक्यावर फेल्टची टोपी, बाजारात शिरले की धान्याच्या पोत्यात हात. अनेक भाषा त्यांना येत. शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत चार शब्द बोलल्याशिवाय बियाणे मिळत नाही, हे त्यांना कळले होते.

अफगाणिस्तान आणि इराणच्या परिसरात त्यांना एक गमतीची गोष्ट दिसली. गव्हाच्या शेतात राय तण म्हणून उगवत होती. शेतकरी तिला वैतागलेले. पण डोंगरात जसजसे वर जावे, तसतसा थंडीने गहू मागे पडे आणि राय पुढे सरके. अखेर शेतात रायच उरे आणि शेतकरी तिचीच भाकरी खाऊ लागे. युरोपचे एक मुख्य धान्य असे तणातून पीक झाले होते. नैसर्गिक निवड म्हणजे काय, हे याहून सोप्या उदाहरणाने समजावता येणे कठीण.

या भटकंतीतून १९२६ मध्ये त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम आले. एखाद्या पिकाचे सर्वाधिक प्रकार ज्या प्रदेशात सापडतात, तिथेच बहुधा ते पीक प्रथम लागवडीखाली आले, असा त्यांचा तर्क. मक्यासाठी मेक्सिको, बटाट्यासाठी अँडीज पर्वत, आणि भात, वांगे, काकडी, आंबा यांच्यासाठी त्यांनी भारतीय उपखंडाकडे बोट दाखवले. नंतरच्या संशोधनाने या नकाशात बरीच दुरुस्ती केली आहे. प्रकार जास्त असणे आणि उगम तिथला असणे या दोन गोष्टी नेहमी एकत्र येत नाहीत. पण जनुकीय विविधता पृथ्वीवर सारखी पसरलेली नसून काही डोंगराळ पट्ट्यांत साचलेली आहे, ही मूळ दृष्टी टिकली. १९४० पर्यंत लेनिनग्राडच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमले होते. त्या काळी जगात एवढा संग्रह दुसरीकडे नव्हता.

मग लिसेन्को कुठून आला?

त्रोफिम लिसेन्को हा युक्रेनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, वाविलोव्ह यांच्याहून ११ वर्षांनी लहान. १९२७ मध्ये प्रावदा या पक्षाच्या वृत्तपत्राने त्याचे कौतुक छापले : विद्यापीठातला पंडित नव्हे, तर मातीतला माणूस. त्यानंतरच्या हिवाळ्यांत युक्रेनमध्ये थंडीने गव्हाचे मोठे नुकसान झाले आणि लिसेन्कोने उपाय सांगितला. हिवाळी गव्हाचे बी भिजवून थंडीत ठेवायचे आणि मग वसंतात पेरायचे. हिवाळी गहू थंडी सोसल्याशिवाय ओंबी धरत नाही. ती थंडी बियाण्यालाच आधी देऊन टाकायची.

यात खोटे काही नव्हते आणि फारसे नवेही नव्हते. वाविलोव्ह यांनी उलट या तरुणाला पाठिंबा दिला, परिषदांत बोलावले, पुरस्कारांसाठी त्याचे नाव सुचवले. वेगवेगळ्या अक्षांशांवरची रोपे एकाच वेळी फुलवता आली, तर त्यांचा संकर करणे सोपे होईल, हा त्यांचा स्वार्थ. चूक दिसली तेव्हा उशीर झाला होता.

कारण लिसेन्को तिथे थांबला नाही. थंडी दिलेल्या गव्हाचा स्वभावच बदलतो आणि तो बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो, असा दावा त्याने सुरू केला. हळूहळू जनुक म्हणजे कल्पनेचा खेळ, मेंडेल म्हणजे पाद्री, फळमाश्यांवर प्रयोग करणारे म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी, अशी भाषा आली. त्याच्या प्रयोगांत तुलनेसाठी वेगळे शेत नसे. सामुदायिक शेतांना प्रश्नावल्या पाठवून उत्पादनवाढीचे आकडे मागवले जात आणि नापीक झाली असे लिहून पाठवण्याची हिंमत कोण करणार?

विज्ञानाच्या बाजूने पाहिले तर चूक नेमकी कुठे होती? गव्हाला थंडीची गरज आहे की नाही, हेच मुळी जनुके ठरवतात. ती जनुके आता ओळखली गेली आहेत. थंडीमुळे रोपात एक खूण पडते, पण ती त्या रोपापुरती असते. नव्या बीजात ती पुसली जाते आणि पुढच्या हिवाळ्यात थंडी पुन्हा सोसावी लागते. अलीकडे परिस्थितीमुळे जनुकांच्या कामकाजावर पडणाऱ्या अशा खुणांचा अभ्यास वाढल्यावर लिसेन्को बरोबरच होता, असे लिहिणारे लोक निघाले आहेत. ते लिखाण गांभीर्याने घेण्याजोगे नाही. अशा खुणा जनुकांवर पडतात. लिसेन्को तर जनुकेच नाकारत होता.

सत्तेला लिसेन्कोच का हवा होता?

याचे एक उत्तर विचारसरणीत आहे. नव्या समाजाने नवा माणूस घडवायचा होता. वारशाने मिळालेले सहज बदलत नाही, हे सांगणारे शास्त्र त्याला अडचणीचे वाटे. पण खरे कारण वेळेचे असावे. सक्तीच्या सामुदायिक शेतीने खेडी उद्ध्वस्त झाली होती, १९३२-३३ मध्ये युक्रेनसह अनेक भागांत लाखो माणसे उपासमारीने मेली होती आणि दोष कुणाला तरी द्यायचा होता. संकर करून, पिढ्यान् पिढ्या निवड करून नवा वाण तयार करायला दहा-बारा वर्षे लागतात. हा काळ चार-पाच वर्षांवर आणा, असे फर्मान १९३१ मध्ये निघाले. वाविलोव्ह यांच्याकडे याचे प्रामाणिक उत्तर एकच होते. लिसेन्को मात्र अडीच-तीन वर्षांत वाण देण्याचे वचन देत होता. गव्हाच्या पिढ्या फर्मानाने लवकर येत नाहीत, पण हे स्टॅलिनला सांगणार कोण?

फेब्रुवारी १९३५ मध्ये क्रेमलिनमधल्या सभेत लिसेन्कोने आपल्या विरोधकांना विज्ञानातले वर्गशत्रू ठरवले आणि श्रोत्यांत बसलेल्या स्टॅलिनने त्याला उघड शाबासकी दिली. त्याच वर्षी वाविलोव्ह यांना कृषी अकादमीच्या अध्यक्षपदावरून हटवण्यात आले. ही अकादमी १९२९ मध्ये त्यांनीच उभी केली होती. १९३७ मध्ये मॉस्कोत भरणारी जागतिक आनुवंशिकी परिषद रद्द झाली. वाविलोव्ह यांच्या निमंत्रणावरून आलेले अमेरिकी शास्त्रज्ञ हर्मन म्युलर यांनी देश सोडला. १९३८ मध्ये अकादमीचा अध्यक्ष झाला लिसेन्को. म्हणजे तो आता वाविलोव्ह यांचा वरिष्ठ. पुढच्या वर्षी एडिनबर्गच्या जागतिक परिषदेने वाविलोव्ह यांना अध्यक्ष निवडले, पण त्यांना जाऊ दिले गेले नाही. मंचावरची खुर्ची रिकामी ठेवण्यात आली.

या काळात त्यांना शरण जाणे शक्य होते. इतर अनेकांनी चुका कबूल केल्याची पत्रके काढली. वाविलोव्ह यांनी सभांमध्ये, लेनिनग्राडच्या सहकाऱ्यांसमोर, जनुकांची बाजू सोडली नाही. सुरुवातीच्या मवाळपणाची ही भरपाई होती का, हे ठरवणे अवघड. दहा वर्षे आधी ते असे ठामपणे बोलले असते तर चित्र बदलले असते, असे मानणारे इतिहासकार आहेत. स्टॅलिनचा कारभार पाहता तसे वाटत नाही.

अटक आणि मृत्यू कसा झाला?

६ ऑगस्ट १९४० रोजी वाविलोव्ह पश्चिम युक्रेनमधल्या चेर्निव्ह्त्सीच्या परिसरात वनस्पती गोळा करत होते. काळ्या मोटारीतून काही माणसे आली, मॉस्कोहून तातडीचे बोलावणे आहे म्हणाली आणि त्यांना घेऊन गेली. सहकाऱ्यांनी नंतर त्यांची पिशवी उघडली तेव्हा दिवसभराच्या नमुन्यांत एका जुन्या प्रकारच्या गव्हाची ओंबी निघाली.

चौकशी अकरा महिने चालली. सुमारे चारशे बैठका, एकूण सतराशे तास. आरोप होते ब्रिटनसाठी हेरगिरी, शेतीत घातपात आणि उजव्यांच्या कटात सहभाग. ९ जुलै १९४१ रोजी, जर्मनीने हल्ला केल्यानंतर अडीच आठवड्यांनी, लष्करी न्यायालयाने काही मिनिटांत त्यांना देहदंड सुनावला. त्याच महिन्यात त्यांचे सहकारी गिओर्गी कार्पेचेन्को यांना गोळ्या घालण्यात आल्या. कार्पेचेन्को यांनी मुळा आणि कोबी यांचा संकर करून दाखवला होता. दोघांची गुणसूत्रे जुळत नसल्याने असा संकर वांझ राहतो; पण गुणसूत्रांची संख्या दुप्पट होऊन ३६ झाली की तो फळतो. त्यातून खाण्यालायक भाजी मिळाली नाही, पण निसर्गात नवी जाती एका फटक्यात कशी तयार होऊ शकते, हे समजले. आपला रोजचा गहूही अशाच दोन जातींच्या मिलनातून आणि गुणसूत्रांच्या दुपटीतून आलेला आहे.

जर्मन फौजा मॉस्कोजवळ आल्या तेव्हा ऑक्टोबर १९४१ मध्ये कैद्यांना पूर्वेकडे हलवले. वाविलोव्ह यांना पाठवले सारातोव्हला. वीस वर्षांपूर्वी ज्या शहरात त्यांच्या नियमाचे स्वागत झाले, त्याच शहरातल्या कोठडीत. तिथे ते सोबतच्या कैद्यांना वनस्पतिशास्त्रावर आणि आनुवंशिकतेवर व्याख्याने देत. अटकेत असताना शेतीच्या जागतिक इतिहासावर त्यांनी एक पुस्तकही लिहिले. ते हस्तलिखित नष्ट करण्यात आले.

प्र्यानिश्निकोव्ह यांनी आपल्या विद्यार्थ्यासाठी अर्ज केले, गुप्तहेर खात्याचा प्रमुख बेरिया याची भेट घेतली आणि कळस म्हणजे कैदेत असलेल्या वाविलोव्ह यांचे नाव स्टॅलिन पारितोषिकासाठी सुचवले. त्या वर्षांत असे करणे म्हणजे स्वतःहून तुरुंगाचे दार ठोठावणे. १९४२ च्या मध्यावर देहदंड रद्द होऊन वीस वर्षांची कैद झाली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले. ते कुठे आहेत, हे तिकडे कुणालाच ठाऊक नव्हते.

खुद्द पत्नीलाही नव्हते. येलेना बारुलिना या मसूर या पिकाच्या अभ्यासक. युद्धामुळे मुलगा युरी याला घेऊन त्या सारातोव्हलाच राहायला आल्या होत्या. पतीसाठी खाण्याची पार्सले त्या मॉस्कोच्या पत्त्यावर पाठवत राहिल्या. ज्या तुरुंगात ते भुकेने खंगत होते, तो त्याच शहरात होता. २६ जानेवारी १९४३ रोजी ते गेले, वय ५५. दफन इतर कैद्यांसोबत, खुणेविना.

बियाण्यांचे काय झाले?

८ सप्टेंबर १९४१ पासून लेनिनग्राडला वेढा पडला होता. तो ८७२ दिवस चालला आणि लाखो नागरिक उपासमारीने मेले. वनस्पती संस्थेच्या थंडगार इमारतीत त्या वेळी टनावारी भात, गहू, मका, शेंगदाणे होते. खिडक्या फुटलेल्या, उंदीर मोकाट. कर्मचारी आळीपाळीने पहारा देत. पाव्हलोव्हस्कच्या शेतावरचे बटाट्याचे वाण अब्राहम कामेराझ आणि ओल्गा व्होस्क्रेसेन्स्काया यांनी तोफांचा मारा सुरू असताना खणून शहरात आणले होते. भाताच्या संग्रहाचे प्रमुख दिमित्री इव्हानोव्ह उपासमारीने मेले. त्यांच्या ताब्यात हजारो पाकिटे तांदूळ होता. शेंगदाण्याचे अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन आपल्या टेबलाशी बसल्या बसल्या गेले. ओटच्या अभ्यासक लिलिया रोदिना याही गेल्या. संग्रहातले बियाणे कुणी खाल्ले नाही.

याला त्याग म्हणून मोकळे होता येते, पण त्यामागचा हिशेबही पाहायला हवा. पेरणीचे बियाणे खाल्ले की पुढच्या हंगामाला काही उरत नाही, हे कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात ठाऊक असते. इथे तर असे वाण होते, जे त्यांच्या मूळ गावांतूनही नाहीसे होऊ लागले होते. एकदा गेलेले जनुक परत तयार करता येत नाही.

पुढे लिसेन्कोचे काय झाले?

त्याचा खरा विजय वाविलोव्ह यांच्या मृत्यूनंतर झाला. ऑगस्ट १९४८ मध्ये कृषी अकादमीच्या अधिवेशनात त्याचे भाषण झाले; त्याचा मसुदा खुद्द स्टॅलिनने तपासून दिला होता. त्यानंतर मेंडेल यांची आनुवंशिकी देशभर बंद. पाठ्यपुस्तके मागे घेतली गेली, फळमाश्यांचे संग्रह नष्ट झाले, हजारो शिक्षक-संशोधकांना काढले गेले. विज्ञान अकादमीत हे हुकूम अमलात आणण्याची जबाबदारी अकादमीच्या अध्यक्षांवर होती. १९४५ पासून ते अध्यक्ष होते निकोलाय यांचे धाकटे भाऊ सर्गेई वाविलोव्ह. त्यांनी ते अमलात आणले. नकार दिला असता तर त्या खुर्चीवर लिसेन्कोच बसला असता, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. १९५१ मध्ये हृदयविकाराने ते गेले.

१९५३ मध्ये केंब्रिजमध्ये डीएनएची रचना उलगडली आणि जनुक कशाचे बनलेले असते, हा प्रश्न सुटला. सोव्हिएत विद्यापीठांत मात्र त्यानंतरही दहा-अकरा वर्षे जनुक हा वादाचा विषय राहिला, कारण ख्रुश्चेव्ह यांनाही लिसेन्को आवडत असे. ऑक्टोबर १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह यांची सत्ता गेली आणि पाठोपाठ १९६५ मध्ये लिसेन्कोचे आनुवंशिकी संस्थेचे संचालकपद गेले. त्याला कधी शिक्षा झाली नाही. मॉस्कोजवळच्या प्रयोगशेतावर तो काम करत राहिला आणि १९७६ मध्ये वारला.

वाविलोव्ह यांच्यावरचे आरोप २० ऑगस्ट १९५५ रोजी न्यायालयाने निराधार ठरवून रद्द केले. १९६७ मध्ये लेनिनग्राडच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. सेंट पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक चौकातली ती इमारत आजही चालू आहे आणि संग्रहात तीन लाखांहून अधिक नमुने आहेत. बियाणे कायम जिवंत राहत नाही, म्हणून त्यातला काही भाग दर काही वर्षांनी शेतात पेरून नवे दाणे पुन्हा पाकिटांत भरले जातात.